खाडाखोड नको

वस्तीच्या विज्ञान हॅकेथॉन स्पर्धेचे परीक्षक दोन टेबलं पलीकडे पोचले, तेव्हा कुठे बाईंना आपल्या वर्गातल्या मुलींचा तक्ता नीट वाचायला सवड मिळाली. डोक्यावर फलक होता: ‘घोकंपट्टीला सुट्टी!’ खाली मुलींनी स्वतः जुळवलेलं यंत्र, वस्तीतले अकरा नळ आणि प्रत्येकाच्या पाण्यात सापडलेल्या शिशाचे आकडे. तीन, तीन, चार, तीन. सव्वीस वर्षं त्यांनी प्रयोगवह्या तपासल्या होत्या. इतके गुणी आकडे मोजून येत नाहीत, ते बेतलेले असतात.

“खरं सांगा, सगळीकडे एवढंच आलं?”

मुलींतली चष्मेवाली ढापणी पुटपुटली, “एका नळाच्या बाटलीत साठ आलं होतं. आम्हाला वाटलं, यंत्र बिघडलं. मग बाकीचे बघून तीन लिहिलं.”

“कुठली बाटली?”

“पाचवी.”

“नाही गं, आठवी!”

“कच्चा कागद कुठाय?”

“फाडला. तुम्हीच म्हणता ना बाई, खाडाखोड चालणार नाही.”

पाणीही उरलं नव्हतं. बाटल्या केव्हाच धुऊन-पुसून रांगेत मांडल्या होत्या. टेबल चकाचक हवं, हेही बाईंनीच बजावलं होतं. रागवायचं तरी कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

तेवढ्यात परीक्षक आलेच. “वा! काय नेटकं काम आहे. यंदाचा पहिला नंबर इथेच दिसतोय.”

ढापणीने आशेने बाईंकडे पाहिलं. बाईंना त्या नजरेची भयंकर लाज वाटली. त्यांनी परीक्षकांच्या हातातला माईक जवळजवळ हिसकावूनच घेतला.

“आमचे आकडे खरे नाहीत,” त्या म्हणाल्या. “या अकरा नळांपैकी एकाचं पाणी विषारी असू शकतं. कुठल्या, ते आम्हाला सांगता येत नाही. पुन्हा तपासेपर्यंत कुणीही या नळांचं पाणी पिऊ नका.”

सभागृहाच्या मागच्या रांगेतून कडेवर बाळ घेतलेली एक तरुण आई पुढे आली. तक्त्यावर बोट फिरवत तिने आपल्या गल्लीचा नळ शोधला.

“आमच्यापुढे तीन आहे,” ती म्हणाली. “हे आलेलं तीन आहे, की लिहिलेलं?”