एकाच झोळीत दोघं

"दोन झोळ्या बांधा. मला नाय रोज तुमच्या अंगावर घरंगळायचं," नलू नवऱ्याला म्हणाली.

प्रतापने किनाऱ्यावरच्या सुरूच्या दोन झाडांना जुन्या नायलॉनच्या जाळ्याची रुंद झोळी बांधली होती. दोघं तिच्यात शिरले की मधोमध गोळा होत. नलूचा हात तिच्याच पाठीखाली अडकून बधिर व्हायचा. त्यापेक्षा शेजारी शेजारी दोन अरुंद झोळ्या बऱ्या. निदान सरळ झोपता तरी येईल.

"दोन झोळ्यांत गप्पा कशा मारायच्या? वाऱ्यानं सगळं उडून जाईल," प्रताप म्हणाला.

"आणि या एकीत कंबर जाईल, त्याचं काय?" असं म्हणताना मात्र तिला हसू आलंच.

लग्नाला जेमतेम पंधरवडा झाला होता. दांडी गावात समुद्राकाठच्या खळ्यावर साऱ्या आळीचे बोंबील एकत्र सुकत आणि रात्रीच्या राखणीला एकेका घराची पाळी असे. नलू आल्यापासून ही पाळी त्यांच्याच घराला चिकटली होती. दिवेलागणीला सासू भाकऱ्या बांधून हातात द्यायची. "निघा दोघं. कुत्री टपून बसलीत."

घर एका खोलीचं. सासरा, दोन दीर, खोकणारी आजेसासू, सगळे ओळीने झोपत. त्या ओळीत आपल्यालाच तेवढी जागा नाही, हे नलूला फार लागलं होतं. नव्या सुनेला असं वाळूत कोण काढतं?

सकाळी तिने सासूकडे दुसरं जाळं मागितलं होतं.

"हाय ते पुरे. लई लाड नकोत," सासू खेकसली. दिवसभर खळ्यावर जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या टांगून तिची बोटं बोंबलाच्या दातांनी फाटली होती. जीभ मात्र शाबूत होती.

आणि आज संध्याकाळी पुन्हा तेच. "निघा दोघं."

आज पाळी आळीतल्या चंद्रकांताकाकीची, हे नलूला पक्कं ठाऊक होतं. तिचा बांध फुटला. कपड्यांचं गाठोडं काखेला मारून ती निघाली. उद्या पहाटेच माहेरी, दातिवऱ्याला. पण जायच्या आधी एकदा सोक्षमोक्ष लावायचाच, म्हणून ती आधी काकीच्या दारात उभी राहिली.

"काकी, आज तुमची पाळी ना? मग आमीच का? सून आणलीय का राखणदार?"

काकी चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"माजी पाळी तुज्या सासूनं मागून नेली. माजीच काय, साऱ्या आळीची. दुपारभर आमच्या बोंबलाच्या जोड्या टांगून देते ती, त्याच्या बदल्यात. म्हणते, एका खोलीत पोरांनी बोलायचं तरी कुठं?"

नलूच्या काखेतलं गाठोडं घसरलं. काकीने चुलीत लाकूड सारलं.

"आणि दुसरं जाळं मागायला आली असशील, तर ते मी नाय द्यायची. तिनं साऱ्यांना बजावून ठेवलंय."