जायफळाचं दूध

"भार्गवराव, तुमच्या हृदयाच्या गोळीबरोबर झोपेची ही गोळी चालणार नाही, ठोके बिघडतील. डॉक्टरांना विचारू?"

भिंतीतली औषधपेटी आजही अडून बसली. गोळ्या देण्याआधी ती प्रत्येकाच्या छातीत बसवलेल्या चकतीवरून लांबूनच नाडी बघायची.

"मेली, माणसाला झोपूही देईना!" शैलजाबाई करवादल्या. नवऱ्याचे तारवटलेले डोळे त्यांना बघवत नव्हते. "मलाच झोप नाही," असं सांगत त्यांनी स्वतःचा अंगठा टेकवला, गोळी मिळवली आणि जायफळाच्या दुधात विरघळवली.

"अहो, घ्या. नुसतं दूधच आहे."

दुपारभर भार्गवराव हलले नाहीत. शैलजाबाईंनी समाधानानं दार लोटून घेतलं.

संध्याकाळी दोन कप चहा गाळून त्यांनी दोघांच्या गोळ्यांसाठी हात पुढे केला. पेटीनं एकट्या शैलजाबाईंचीच गोळी दिली.