शिकाऊ हातासाठी बाण

"शिकणाऱ्यानं जड, बोथट बाण घ्यावेत. हलका बाण भरकटतो," तीरकामठे बनवणाऱ्या वेस्त्या पावरानं समजावलं. शहरातून शिकायला आलेल्या साहेबानं मात्र रंगीत पिसांचे, लोखंडी पात्याचे हलके बाण उचलले. "फोटोत हेच छान दिसतील."

वेस्त्यानं नेमासाठी गवताचा भारा उभा केला. साहेबानं मात्र अंगणात पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीवर नेम धरला आणि वेस्त्या ओरडेपर्यंत बाण सोडलासुद्धा. मांडीत बाण घेऊन ती किंचाळत फरफटली.

"लागला की!" साहेब खदखदून हसला.

वेस्त्या कुत्रीकडे धावला. त्यानं बाण उपसला, जखमेवर हळद दाबली. मागून साहेबानं विचारलं, "आता कुठला घेऊ?"

रक्ताळल्या हातानं वेस्त्यानं धनुष्य हिसकावलं, विळ्यानं त्याची दोरी कापली. "तुमच्या हातात देण्यासारखा बाण मी बनवत नाही."