डाव्या पट्ट्याचं नाक

“डाव्या पट्ट्याचं नाक गळतंय, पोरी. रोज निघण्याआधी दोन बोटं लावून बघत जा.”

काका हे म्हणाले तेव्हा तिचं अर्धं लक्ष फोनमध्ये होतं. दीड वर्षाची लेक घरी आजीजवळ तापानं फणफणली होती. ‘हो काका’ म्हणून तिनं लोडर सुरू केला आणि त्या दिवशी ते बोलणं तेवढ्यावरच राहिलं.

हाच लोडर तिच्याआधी बारा वर्षं काकांनी चालवलेला. गुडघे गेले तेव्हा मालकानं त्यांना लोडर ठेवायच्या शेडमागची खोली राहायला दिली. मागेपुढे कुणी नव्हतं. या मशीनला चाकांऐवजी दोन बाजूंना रबरी पट्टे, आणि आत ग्रीस भरून ते ताणून ठेवायचे. ग्रीस भरायच्या पितळी तोंडाला काका नाक म्हणत. मशीन जॅकवर उचललं की पट्टा दोन बोटं लोंबावा, तसूभरही जास्त नको, हा त्यांचा नियम. त्यावरून सगळी साइट त्यांना ‘दोनबोटे’ म्हणायची, अगदी तोंडावर.

ती काही बेफिकीर नव्हती. घरातून निघताना गॅसचं बटण दोनदा आणि लेकीचं कपाळ तीनदा बघणारी बाई. पहिला आठवडाभर तिनं पट्टाही बघितला. रोज दोन बोटं, बरोब्बर. नाकही कसं लख्ख पुसलेलं. मग तिनं बघणं सोडलं. म्हातारपणी माणसाला सगळंच गळताना दिसतं, असं नवऱ्याला हसत सांगितलंही.

त्याला पाच महिने झाले होते.

आज शेडजवळच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीसाठी जागा सपाट करायची होती. दगडगोट्यांचा चढ, त्यात बुटक्या झाडांची खोडं. मुकादम सकाळपासून खालून हातवारे करत होता. तिनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. चढ सरळ चढायचा आणि सरळ उतरायचा. मातीनं भरलेली बकेट कायम चढाच्या बाजूला. जागच्या जागी गरकन वळायचं नाही. हे सगळं तिच्या हातात मुरलेलं होतं.

अकराच्या सुमारास डावीकडून ‘टक्’ झालं. कानाआधी ते तिच्या कमरेला कळलं. पट्टा आतल्या चक्राचे दात सोडत होता. अशा उतारावर तो निघाला तर मशीन आडवं व्हायला वेळ लागत नाही. मुकादम ‘वळव, वळव’ म्हणून ओरडत होता. तिनं वळवलं नाही. आली त्याच वाटेनं, मुंगीच्या पावलानं, ती लोडर मागे घेत सपाटीवर उतरली.

साइटवरचा जॅक लावून तिनं डावी बाजू उचलली. दोन बोटं कसली, अख्खा पंजा आत गेला. नाकातून ग्रीसचा ओघळ पार खालपर्यंत आला होता. तिनं रोलरमध्ये अडकलेले दगड काढले, ग्रीस भरून पट्टा ताणला, मुकादमाला गप्प केलं. सगळं मिळून वीस मिनिटं. स्वतःवर खूश होऊनच तिनं मेकॅनिकला फोन लावला. नाक गळतंय म्हणून सांगितलं, येऊन बघून जा म्हणाली.

“आतली रबरी कडी गेली असेल. कधीपासून गळतंय?”

“पाच महिने झाले.”

“शक्य नाही ताई. ग्रीस भरलं नाही तर चौथ्या दिवशी पट्टा लोंबायला लागतो. रोज कुणीतरी भरत असणार.”

तिनं त्या ओघळाकडे पुन्हा पाहिलं. घरी ती दिवसातून वीस वेळा लेकीचं नाक पुसते. नाक आपोआप पुसलं जात नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि या लोडरचं नाक पाच महिने सकाळी येता-जाता लख्ख दिसायचं. मातीत जॅकचा चौकोनी ठसाही असायचा. तो तिनं रोज पाहिला होता आणि रोज ओलांडला होता.

चौथ्या दिवशी, म्हणाला होता तो. म्हणजे गेले तीन-चार दिवस कुणी ग्रीस भरलंच नव्हतं.

काका शेवटचे कधी दिसले, ते तिला आठवेना.

ती पळतच शेडमागे गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. काका खाट आणि भिंतीच्या मधे जमिनीवर पडले होते, एक पाय भलत्याच कोनात. हाताशी पाण्याची बादली होती, तेवढ्यावर जीव तगलेला. दाराजवळ चपला, जॅक आणि ग्रीस गन निघायच्या तयारीत मांडून ठेवलेली.

त्यांनी डोळे किलकिले केले. “उतरला का गं पट्टा?”

“नाही काका. वेळेत कळलं.”

त्यांनी सुस्कारा सोडला. अँब्युलन्स येईपर्यंत ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. ओठांवरून ओला रुमाल फिरवता फिरवता तिनं विचारलं, मला सांगितलं का नाहीत?

“एकदा सांगितलं होतं की. दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर तो टोमणा झाला असता. लहान पोर घरी टाकून येतेस, तुझ्या डोक्याला आधीच काय कमी व्याप.”

काका आता इस्पितळात आहेत. पायात सळई घातलीय, आणि खाटेचं एक चाक सैल आहे म्हणून त्यांनी नर्सचं डोकं खाल्लंय. लोडरची कडी बदलली. तरी ती रोज सकाळी दोन बोटं लावते, आणि संध्याकाळी जाऊन काकांना सांगते.

भेटेल त्याला ती एक गोष्ट विचारते, तशी तुम्हालाही विचारते. तुमच्या घरात, कामावर, कधीच न बिघडणारं असं काय आहे? त्याचं नाक कोण पुसतं ते जरा आठवा, आणि आजच त्यांचं दार वाजवून या.