सोळा बुचं

मासळी अंड्यांवर आली होती, बंदीचे दोन महिने चालू होते, तरी व्यापाऱ्याच्या नादी लागून पुरुषांनी पहाटे होड्या काढायचं ठरवलं. आत्ता ओरबाडलंत तर वर्षभर खाडी रिकामी राहील, हे सांगून सांगून कोळीवाड्यातल्या एका म्हातारीचा घसा बसला.

पहाटे बघतात तर सोळाच्या सोळा होड्यांच्या तळाची लाकडी बुचं गायब. भोकांतून खालची वाळू दिसत होती.

होड्यांचा म्होरक्या, म्हणजे म्हातारीचा पुतण्याच, तरातरा तिच्या दारात आला. ती बुचं मांडीवर घेऊन बसली होती.

“काकी, आमच्या होड्यांना हात लावायची हिंमत झाली तुझी?”

“मला वाकता तरी येतं का रे मेल्या?”



म्हातारीनं मांडीवरचं एक बूच उचलून त्याच्यापुढे धरलं. “ज्याच्या त्याच्या बायकोनं आणून दिलीत. तुझं सगळ्यात आधी आलं.”