शुक्रवारची ड्रिल

भोंगा वाजला तशी मैमुनाबी कपाटात शिरली आणि बाकीचं घर जिन्याकडे धावलं.

तिची काही चूक नव्हती. ती शिकवल्याबरहुकूम वागली.

शिकवलं होतं संजयने. तो एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता. आग लागली तर कुठून पळायचं हे कामगारांना शिकवायचं आणि त्याचे फोटो हेड ऑफिसला पाठवायचे, ही त्याची नोकरी. शारजातल्या आपल्या फ्लॅटमध्येही तो दर शुक्रवारी ड्रिल घ्यायचा. फक्त ती आगीसाठी नव्हती, पोलिसांसाठी होती. दारावर कोणी जोरात ठोकलं, खाली गलका झाला, कसलाही भोंगा वाजला, की मैमुनाबीने आतल्या खोलीतल्या कपाटात गोधड्यांच्या मागे बसायचं. साहेब स्वतः कपाटाचं दार उघडेपर्यंत शिंकायचंसुद्धा नाही. माणसं किती असं कोणी विचारलं, तर मुलींनी म्हणायचं, "वी आर फोर." धाकटी अस्मी हे इतकं गोड म्हणायची, की संजयच्या बायकोने, विभावरीने, ते पाहुण्यांसमोर म्हणवून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

मैमुनाबी दापोलीकडची. तिला व्हिजिट व्हिसावर आणणारा एजंट तिच्या पासपोर्टासकट पसार झाला होता आणि व्हिसा संपून जमाना झाला होता. घरकामाला मराठी बोलणारी बाई मिळाली म्हणून विभावरीला कोण आनंद! कागद नाहीत, म्हणून पगार निम्मा; धोका आपण पत्करतोय ना. खाली उतरायची सोय नाही, म्हणून सुट्टी नाही. सुट्टी घेऊन जाणार कुठे? सगळं कसं तर्काला धरून होतं. बाईने शारजा पाहिलं ते बाल्कनीतून, वाळत घातलेल्या चादरींच्या आडून.

खाली रस्त्यावर पोचल्यावर संजयने सवयीने डोकी मोजली. चार. आकडा बरोबर आला म्हणून त्याला हायसं वाटलं. तेवढ्यात विभावरीने त्याचा दंड धरला.

"अहो, मावशी!"

दुसऱ्या मजल्यावरून काळा धूर वर चढत होता. त्यांचा मजला चौथा.

"मला वाटलं, नेहमीसारखा उगाच वाजतोय."

"हाक तरी मारायची तिला!"

"तू का नाही मारलीस?"

"ड्रिल तुमची!"

आगीच्या बंबाच्या शेजारी पोलिसांची गाडी उभी होती, तिच्याकडे संजयने बोट केलं. "आत्ता तोंड उघडलं ना, तर माझा व्हिसा जाईल. मुलींची शाळा, गाडी, सगळं खलास."

विभावरीने त्याचा दंड सोडला.

अग्निशामक दलाचा एक बलुची जवान घराघराची चौकशी करत त्यांच्यापाशी आला. "ऊपर कोई रह गया?"

"वी आर फोर!" अस्मी म्हणाली.

"शाबाश, बेटी," म्हणून जवान पुढे निघाला.

संजय त्याच्यामागे धावला. त्याला मधला मार्ग सुचला होता. तो त्याला नेहमीच सुचायचा. जवान कपाट उघडेल, आत बाई सापडेल, बाई वाचेल, आणि मग सगळ्यांत जास्त आश्चर्य आपण व्यक्त करायचं.

"भाईसाब, चारसौ दो नंबर. अंदर के कमरे में अलमारी है. उसमें थोडा सामान है, बहुत जरूरी. कोई जाके खोल दे तो..."

जवान थांबला. त्याने संजयला नीट न्याहाळलं.

"सामान के लिए हम ऊपर नहीं जाते. इन्सान है तो बोलो."

संजयने धुराकडे पाहिलं. पोलिसांच्या गाडीकडे पाहिलं. विभावरीकडे पाहायचं टाळलं.

"सामानच आहे," तो म्हणाला. घाबरून मराठीतच बोलला होता. जवानाला कळलं नाही, म्हणून त्याला ते हिंदीतून पुन्हा एकदा म्हणावं लागलं.

"फिर छोडो," म्हणून जवान निघून गेला.

संजय मान खाली घालून उभा राहिला, म्हणूनच त्याला दिसलं. अस्मीच्या अनवाणी पायांत कोणीतरी वाकून चपला सरकवत होतं. हात काजळलेले. अंगावर शेजारच्या मलबारी बाईचा बुरख्यासारखा काळा अबाया. कपाटात धूर शिरल्यावर ती कोणाला न विचारता बाहेर पडली होती आणि शेजारणींच्या घोळक्यातून खाली उतरली होती. इथे मागे केव्हापासून उभी होती, कोण जाणे.

मैमुनाबी उठली. या कुटुंबाशी आपला काही संबंध नसल्यासारखी थोडी लांब सरकली. त्याच्याकडे न बघता, पोलिसांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"जिवाला लावून घेऊ नका, साहेब. सामान खाली आलंय."