मॅनेजर घरी आहेत

पाहुणे यायला तासभरच उरला होता आणि तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. सकाळी ओल्या फरशीवर पाय घसरला आणि मनगट सुजलं. आता डाव्या हाताने ती नव्या गादीवर चादर घालत होती. चादर एका बाजूने बसली की दुसऱ्या बाजूने निघत होती. सासूबाई मदतीला वाकल्या आणि गुडघा धरून तिथेच जमिनीवर बसल्या.

नवरा ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. परदेशातल्या मोठ्या हॉटेलात तो मॅनेजर होता. निदान गावाला तसं माहीत होतं. गाव त्याला साहेबच म्हणायचं. सुट्टीवर आला होता, पुढच्या आठवड्यात परत जायचा होता.

"जरा उजवीकडून ओढ," तो खिडकीतून म्हणाला.

"उजवा हात गळ्यात आहे," ती म्हणाली.

तळ्याकाठी मोठं हॉटेल बांधायला एक कंपनी आली होती. गावाने नाही म्हटलं. पाहुणे आपल्याच घरांत उतरतील, तळ्यात इंजिनाची होडी जाणार नाही, पक्ष्यांना सोसतील एवढीच माणसं येतील, असं ठरलं. पहिली पाळी या घराची होती. इथेच फजिती झाली तर बाकीची घरं कच खाणार होती. कंपनीचा माणूस अजून गावात चकरा मारत होता. जास्त करून शेजारच्या काकूंच्या ओट्यावर बसायचा, कारण काकूंची जमीन तळ्याला लागून होती.

काकू आत्ताही या खोलीच्या दारात उभ्या होत्याच. "साहेब, तुमच्या हाताखालची दोन माणसं बोलवून घ्या की!"

तो हसला. मग त्याला दिसलं, बायकोने चादरीचं टोक दातात धरलं होतं. तो उठला.

"दार लोटून घे," आत येत तो म्हणाला.

"रंगाचा वास जायचाय अजून. राहू द्या उघडं."

तो क्षणभर घुटमळला. मग चादर तिच्या हातातून घेतली आणि एक झटका दिला. चादर हवेत फुगली आणि बरोबर मध्यावर उतरली. पाकिटासारखे कोपरे दुमडून त्याने ते गादीखाली सारले. तळहात फिरवला, एक वळी राहिली नाही. उशी हनुवटीखाली धरून अभ्रा चढवला. खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून धूळ बघितली, वाकून पलंगाखाली नजर टाकली. हात आपोआप चालले होते, त्यांना थांबवायचं त्याला सुचलंच नाही. शेवटी टॉवेल घेतला, गुंडाळला, वळवला, मान काढली. पलंगाच्या मधोमध पांढरा हंस बसला.

सगळे आपल्याकडेच बघताहेत, हे त्याला तेव्हा कळलं.

"मॅनेजरला हंस करावे लागतात?" आईने विचारलं.

"कधीकधी..." तो म्हणाला आणि अडला. दारात काकू होत्या. "मी खोल्याच आवरतो, आई. पहिल्या दिवसापासून. मॅनेजर दुसरा आहे."

"अगं बाई!" काकू म्हणाल्या.

आईने मोठा श्वास सोडला.

"सुटले बाई! मला वाटायचं, एवढ्या मोठ्या साहेबाला आता आपलं घर लहान पडतं. म्हणून सुट्टी संपायच्या आधीच बॅग भरून बसतो."

"बोलता बोलता तोंडून काहीतरी निघेल, अशी भीती वाटायची. म्हणून."

"मला माहीत होतं," बायको म्हणाली.

"तुला? कधीपासून?"

"पहिल्या सुट्टीपासून. मी चहा टाकून येईपर्यंत आपल्या अंथरुणाचे कोपरे असे चापून बसवलेले असायचे. मॅनेजर कशाला अंथरूण आवरतोय!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

तो पलंगावर टेकला आणि वळी पडेल म्हणून लगेच ताडकन उठला. आधी आईला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. हसताना त्याने डोळेही पुसून घेतले.

"तिथे आमच्याबरोबर एक म्हातारी आहे, जिने पुसते," तो मग म्हणाला. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. "हॉटेल उभं आहे ती जमीन तिचीच होती. एकदा मला हाताला धरून घेऊन गेली. म्हणाली, इथे माझी चूल होती."

"कुठे?" काकूंनी विचारलं.

"लिफ्टपाशी."

चौकटीवर हात ठेवून काकू पलंगाकडे बघत राहिल्या. निघताना वळल्या.

"उद्या माझ्याकडची खोली बघून जा रे जरा," त्या म्हणाल्या. "माझ्या गाद्या मेल्या जुन्या आहेत. त्यांना कोपरेच नाहीत."

साहेब म्हणायचं त्या विसरल्या होत्या. त्यालाही ते बरंच वाटलं.

बाहेर गाडी थांबली. बायको पदर सावरत पुढे निघाली, तर त्याने तिला ओट्यावरच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः गेला. एक वयस्क जोडपं उतरलं. त्याने मोठी बॅग खांद्याला लावली, छोटीला हात घातला.

"अहो, राहू द्या," पाहुणे संकोचून म्हणाले. "तुम्ही इथे कामाला आहात का?"

"हो, आजपासून," तो म्हणाला. "घरही माझंच आहे."